दोनदा मागितलेली बरोबरी

२६ ऑक्टोबर, परळी

डॉक्टरांनी रोजची साखर लिहून ठेवायला सांगितली, म्हणून ही वही काढली. बियाणांच्या दुकानातून फुकट मिळालेली आहे. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कपाशीचं बोंड. आजची साखर एकशे ब्याऐंशी. एवढं लिहून झाल्यावर पान इतकं रिकामं उरतं की माझ्यासारख्याला गप्प बसवत नाही. बायको, मंगल, म्हणाली, "तीस वर्षं लोकांच्या बातम्या लिहिल्यात, आता स्वतःची लिहा. इथं कापायला हरिओम नाही." हरिओम हा जिल्हा कार्यालयातला आमचा उपसंपादक. वय एकोणतीस. बारा वर्षं पाठशाळेत व्याकरण घोकून तालुका वार्ताहर झालेल्या माझ्यासारख्या माणसाची वाक्यं कापणं हे त्याचं जीवितकार्य.

बातमी अशी, की शाईस्ताची कॉलेजकडून विद्यापीठाच्या बुद्धिबळ स्पर्धेसाठी निवड झाली. नऊ ते अकरा नोव्हेंबर, बीडला. शाईस्ता म्हणजे जमील मेकॅनिकची धाकटी, बी.एस्सी. दुसरं वर्ष. जमीलचं गॅरेज स्टेशन रोडला, आणि त्या गॅरेजातल्या बाकड्यावर बावीस वर्षं आम्हा दोघांचा पट मांडलेला. परळीच्या वीजकेंद्राची राख दिवसाकाठी दोनदा पटावर बसते. ती फडक्यानं पुसायचं काम शाईस्ताकडं होतं. पुसता पुसता ती खेळ शिकली. सातवीत असताना तिनं मला हरवलं. मला फार आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

३ नोव्हेंबर

साखर एकशे सत्तर. मंगलनं शिरा केला नाही, त्याचा परिणाम.

जमील मार्चपासून खाटेवर आहे. छाती. शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरतं. गॅरेज थोरला जाकीर बघतो. आज पट खाटेवरच मांडला, शाईस्ता माझ्याशी खेळली आणि जमील डोळे मिटून चाली ऐकत होता. मधेच म्हणाला, "शिवा, त्यो उंट मेला तुजा." डोळे मिटलेलेच.

शाईस्तानं एका डावात बरोबरी सुचवली. मी म्हणालो, इथं चालत नाही. आमच्या बाकड्यावर बरोबरी हा प्रकारच नव्हता. एकाचा राजा उघडा पडेपर्यंत खेळायचं, दिवे लागले तरी. एकदा त्यापायी जमीलनं एका जीपचं इंजिन दोन दिवस उघडं ठेवलं होतं.

खेळ उरकल्यावर शाईस्ता म्हणाली, "अब्बा, मी न्हाई जात यंदा. पुढल्या साली बघू."

"मी काय पळून चाललोय का?" जमील म्हणाला. दोन शब्दांमध्ये त्याला थांबावं लागतं. "हितंच आसंन. ह्याच खाटंवर. शिवा, तू जा तिच्यासंगं."

"मला साखर आहे."

"मला हवाच न्हाई. बोल, जास्त आजारी कोन?"

शाईस्ता चहा ठेवायला आत गेली तेव्हा तो हळू म्हणाला, "तिकडं खेळताना ती अडली तर तुज्याकडं बघंल. सवय हाय तिला. अन् काय कमीजास्त झालं तर जाकीर तुला फोन करंल. तिला बिचकवू नको." मग बराच वेळ श्वास गोळा करून, "पण घेऊन ये."

मी म्हणालो, काही होत नाही. असं म्हणायची पद्धत आहे.

९ नोव्हेंबर, बीड

साखर तपासायचं यंत्र घरी विसरलो, म्हणजे तीन दिवस मी निरोगी.

मुलींची सोय यजमान कॉलेजच्या वसतिगृहात, माझी शेजारच्या लॉजवर. दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही शाईस्तानं जिंकल्या. पंच कडक आहेत. हॉलमध्ये खेळणाऱ्यांना मोबाइल नाही. मुलींनी तो बंद करून आपापल्या सरांकडं द्यायचा. शाईस्ताचा माझ्या पिशवीत आहे. मी सर नाही, पण सफारी घातला होता.

माजलगावच्या कॉलेजची सायली नावाची मुलगी आहे, दिंद्रुडची. बापाची शेती, अर्जुनराव त्यांचं नाव, तेही सोबत आलेत आणि दिवसभर आवारातल्या लिंबाखाली झोपून असतात. मुलगी उंच, कमी बोलणारी, चाल करताना सोंगटी अशी ठेवते जशी झोपलेल्या लेकराच्या उशाशी. तिनेही दोन्ही जिंकल्या. शेवटच्या फेरीत गाठ पडणार हे आत्ताच दिसतंय.

१० नोव्हेंबर, बीड

चारपैकी चार. सायलीचेही चार. विद्यापीठाचा संघ पाच जणींचा, त्यात दोघींची नावं आज संध्याकाळीच पक्की झाली. उद्याचा डाव फक्त पहिला नंबर कोणाचा यासाठी. फक्त असं मी लिहिलंय खरं, पण बीड जिल्ह्यातून पहिली आलेली मुलगी आठवत नाही. मी स्वतः कधी तालुक्याच्या पुढं खेळलो नाही. एका वर्षी जिल्ह्याला खेळायला निघालो आणि वडिलांनी पौरोहित्याला पाठवलं. असो.

जेवणाच्या मेसमध्ये दोघी समोरासमोर बसलेल्या. उद्या एकमेकींचा जीव घेणार, आणि आज एकीच्या ताटातली मिरची दुसरी खात होती. शाईस्तानं अब्बाला व्हिडिओ कॉल लावला, त्याला यंत्राची नळी लावलेली, त्यानं हात हलवला. फोन ठेवल्यावर सायलीनं विचारलं, "लई आजारी हायेत का?"

"हाय तसेच. मार्चपासून."

सायली म्हणाली, "माझी आई गेली तवा माझा बारावीचा पेपर होता. फिजिक्स. घरी सगळ्यांना ठाऊक. मला पेपर झाल्यावर सांगितलं."

मी म्हणालो, घरच्यांनी विचार करूनच केलं असणार. वर्ष वाचलं की तुमचं.

"हो सर. वाचलं," ती म्हणाली, आणि ताटातलं मीठ बोटानं कडेला सारत राहिली. समजूतदार मुलगी आहे.

११ नोव्हेंबर, परळी

जमील गेला.

१२ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. क्रमानं लिहितो, म्हणजे मलाच कळेल.

डाव दहाला सुरू झाला. सायलीकडं पांढरी. पावणेबाराच्या सुमाराला तिचे दोन्ही हत्ती शाईस्ताच्या घरात घुसले होते, शाईस्ताचा राजा कोपऱ्यात, पुढं एक प्यादं. बघायला बसलेल्या दोन प्राध्यापकांनी "संपलं" अशा अर्थाची खूण केली. मला मात्र पटत नव्हतं. शाईस्ता अशा कोपऱ्यातून निसटते.

अकरा बावन्नला माझा फोन थरथरला. व्हरांड्यात आलो. जाकीर. "चाचा, अब्बा गए." मी मोठ्यानं विचारलं, कधी गेला जमील? "आत्ता. शाईस्ता का फोन बंद है. उसको लेको आव. जोहर की नमाज के बाद मिट्टी देंगे बोल रहे सब, मैं बोला बहन आती, असर तक रुको." म्हणजे दफन पावणेपाचला. मी म्हणालो, निघालोच. आपण सगळेच असं म्हणतो, अंगात सदरा नसला तरी.

पाण्याच्या नळापाशी सायली बाटली भरत होती. ती हॉलमध्ये गेली, तिच्या मागोमाग मी गेलो.

काय करायचं याचा विचार करत मी उभा होतो, हे वहीला खरं सांगतो. जमीलनं सांगितलं होतं, तिला बिचकवू नको. डाव संपला की सांगू. फार तर अर्धा तास. बीडहून परळी गाडीनं अडीच तास, वेळ भरपूर.

सायली पटासमोर बसली. तिची चाल होती. पाच मिनिटं तिनं हातच लावला नाही. मग एक साधं प्यादं सरकवलं, हात पुढं केला आणि म्हणाली, "बरोबरी?"

बरोबरी कोण मागतं? ज्याचं बुडतंय तो. हिचं तर जिंकत आलं होतं. म्हणजे हिला आपल्या डावात काहीतरी भोक दिसलं, जे आम्हाला अजून दिसलेलं नाही, असा निष्कर्ष मी काढला. तर्कशास्त्र मी शिकलेलो आहे.

शाईस्तानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी नाही अशी मान हलवली. पंचांचं लक्ष नव्हतं.

चार चालींनंतर सायलीनं परत मागितली. या वेळी शाईस्तानं माझ्याकडं बघितलं नाही, स्वतःच मान हलवली. त्यानंतर सायलीला काय झालं कळेना. घड्याळात तिच्याकडं चाळीस मिनिटं असून ती सेकंदात चाली करायला लागली. एक हत्ती उंटाला दिला. दुसरा उघड्यावर ठेवला. प्राध्यापक एकमेकांकडं बघायला लागले. तरी शाईस्ता आपल्या सवयीनं प्रत्येक चालीला विचार करत होती. एक वाजून पाच मिनिटांनी सायलीनं राजा आडवा केला, सह्या केल्या आणि शाईस्ताचा हात धरून म्हणाली, "जा तू आता. लगेच जा. सर्टिफिकेट मी आणून देते." हरल्यावर आमचं तोंड बघवत नसावं, असं वाटलं.

भाड्याची जीप केली. शाईस्ताला सांगितलं, अब्बाची तब्येत जरा जास्त आहे. तिनं पिशवीतून आपला फोन मागून घेतला, पण वडवणीपर्यंत चालू केला नाही. हातात धरून बसली. वडवणीच्या पुढं चालू केला. खूप वेळ बघत होती.

"काका, भाईचे चौदा कॉल हायेत."

मी म्हणालो, हो का.

"पहिला अकरा पन्नासचा."

तेलगावच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता बंद केलेला. कारखाना सुरू होऊन दहा दिवस झाले, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यातली एक ट्रॉली उलटून ऊस रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला. ड्रायव्हर उतरून बघून आला, म्हणाला दीड तास तरी हलत न्हाई. तासाभरानंही काही हललं नाही, तेव्हा शाईस्तानं जाकीरला फोन लावला. ती ऐकत होती. "हौ भाई," म्हणाली. मग पुन्हा, "हौ." समोर ऊस गोळा करणाऱ्या बाया आपापसात काहीतरी बोलून हसत होत्या. साडेचार वाजत आले होते.

"भाई, रुको नको," शाईस्ता म्हणाली. "मिट्टी दे देव. अब्बा को कित्ता रखते."

फोन मांडीवर ठेवला. मी म्हणालो, शाईस्ता. तिनं खिडकीची काच वर केली.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. गल्लीतून माणसं परत येत होती, पायांना कबरस्तानची माती. खाट उभी करून भिंतीला लावलेली. यंत्र बंद.

१३ नोव्हेंबर

काल दोन बातम्या पाठवल्या. एक स्पर्धेची, एक जमीलच्या निधनाची, चार ओळी. हरिओमचा फोन आला. "सर, वडील वारले तो दिवस अन् फायनलचा दिवस एकच का?"

"एकच."

"खेळताना कळलं का तिला?"

मी म्हणालो, फोन डाव चालू असतानाच आला. कोणाला आला ते त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आज पहिल्या पानावर, चौकटीत: "वडील गेल्याचे कळूनही डाव सोडला नाही! परळीच्या शाईस्ताची जिद्द." खाली माझं नाव. सायलीनं "दबावाखाली अक्षम्य चुका" केल्याचं वाक्य तेवढं माझं, ते एकदाचं न कापता आलंय.

दुपारपर्यंत बबनराव या आमच्या भावी नगरसेवकांनी चौकात फलक लावला. अभिनंदन मोठं, श्रद्धांजली लहान.

१४ नोव्हेंबर

साखर दोनशे चाळीस.

मंगल त्यांच्या घरी बसून आली. फरजाना, म्हणजे जमीलची बहीण, लातूरहून आली आहे. तिच्या सासरच्या बाया सांत्वनाला आल्या होत्या. त्यातली एक शाईस्तासमोर म्हणाली, बाप मेल्याचं कळलं तरी पोरगी खेळत बसली, आजकालच्या पोरींचं काळीज बघा. फरजानानं तिला गप्प केलं. शाईस्ता उठून भांडी घासायला गेली, घासलेलीच.

मी मंगलला म्हणालो, लोक काय, आठ दिवस बोलतील.

मंगल म्हणाली, "लोकांनी कुठं वाचलं ते?"

१७ नोव्हेंबर

सायली दिंद्रुडहून सर्टिफिकेट घेऊन जमीलच्या घरी आली. सोबत अर्जुनराव, मी त्यांच्याबरोबर बाहेर ओट्यावर. सायली आत शाईस्ताजवळ तासभर होती. आवाज येत नव्हता. अर्जुनराव म्हणाले, "आमची पोरगी हरली म्हून मी इचारलं, तर म्हनली, दादा, जिंकून काय करू. पोरींचं काय खरं न्हाई."

निघताना ती माझ्यासमोर थांबली. पेपर तिनंही वाचला असणार. मला ओशाळल्यासारखं झालं. म्हणालो, त्या वाक्याचं मनावर घेऊ नका, बातमीत तसं लिहावं लागतं.

"त्याचं काय न्हाई सर," ती म्हणाली. "मी तवा नळापाशी होते. तुमी फोनवर बोलत होता." मग तिला पुढं बोलावं की नाही कळेना. "मला वाटलं, बरोबरी झाली की तुमी सांगताल तिला. दोनदा मागितली. न्हाई घेतली. मग म्हटलं, हरावं तर किती पटापट हरावं."

"पण तुम्ही सरळ तिला का नाही सांगितलं?"

"मी कोन सांगणारी, सर? तुमी घरचे हाय ना."

घरी येऊन डावाची नोंद काढली. तिसाव्या चालीपासून पट मांडून पाहिला. ते भोक कुठंच नाही. तिच्या जिंकायच्या चाली आठ-नऊ मोजल्या, एकूण एक टाळलेली. इतकं नेमकं चुकायला फार चांगलं खेळता यावं लागतं.

२० नोव्हेंबर

जमीलसाठी दहाव्या दिवसाची प्रार्थना, फातिहा. गल्लीतली सगळी माणसं होती. मी ठरवून गेलो होतो. जेवणाआधी जाकीरला म्हणालो, सगळ्यांसमोर एक सांगायचंय. फोन मला आला होता, अकरा बावन्नला. शाईस्ताला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

मला वाटलं होतं, गलका होईल. कोणी मान वर केली नाही. जाकीर म्हणाला, "मालूम है चाचा. फोन मैंने ही लगाया था ना." आणि माझ्या ताटात बिर्याणी वाढली, वर एक बोटी जास्त.

दहा दिवस जे मी उराशी दडवून हिंडत होतो ते या घरात पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना माहीत होतं. माझ्याशी कोणी बोललं नाही एवढंच. मी जेवलो. जेवलो नसतो तर तो आणखी एक अपमान झाला असता.

हात धुताना शाईस्ता परसात होती. मी म्हणालो, तुझ्या अब्बांनीच सांगितलं होतं, तिला बिचकवू नको म्हणून.

"तेवढंच म्हणाले होते का, काका?"

मी पुन्हा हातावर पाणी घेतलं. ती म्हणाली, "घरच्यांना ठाऊक हाय. पेपर वाचणाऱ्यांना न्हाई. कॉलेजात गेले तर मॅडमनी वर्गात उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. म्हणाल्या, हिच्याकडून शिका." तिनं तांब्या उपडा ठेवला. "मला सांगता येईना काही. काय सांगणार? तुमी सांगा. तिथंच, जिथं छापलं."

"विद्यापीठाचं शिबिर पंचवीसला आहे. जाणार ना?"

"कावून विचारता? तुमी येणार हायेत का संगं?"

मला हो म्हणायचं होतं.

२१ नोव्हेंबर

सकाळी खुलासा लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात "अनवधानाने" होतं. ते काढलं. दुसऱ्यात "परिस्थितीचे गांभीर्य लक्षात घेऊन" होतं. मंगलनं वाचलं आणि कागद परत माझ्यापुढं सरकवला. तिसऱ्यात माझ्या साखरेचा उल्लेख होता, तो का आला होता देव जाणे.

हरिओमला फोन केला. तो म्हणाला, "सर, हे छापलं तर तुमच्या नावानं बातमी घेणं अवघड होईल. वरचे विचारतील. चार दिवसांत लोक विसरतात, राहू द्या ना." त्याच्या आवाजात पहिल्यांदाच माझ्याबद्दल काळजी होती. मी म्हणालो, एकही शब्द कापू नकोस. तो म्हणाला, पाठवा.

पाठवलं ते असं:

"१३ नोव्हेंबरच्या अंकात शाईस्ता जमील यांच्याबद्दल आलेली बातमी खोटी आहे. वडील गेल्याचे त्यांना डाव संपेपर्यंत माहीत नव्हते. निरोपाचा फोन मला अकरा बावन्नला आला आणि तो मी त्यांना सांगितला नाही. सायली अर्जुनराव यांनी चुका केल्या असे मी लिहिले, तेही खोटे. त्यांनी तो फोन ऐकला होता आणि शाईस्ता यांना वेळेत घरी जाता यावे म्हणून त्या जिंकत असलेला डाव सोडत होत्या. त्यांनी बाराच्या सुमाराला बरोबरी देऊ केली. ती घेतली असती तर मुलीला बापाचे तोंड दिसले असते. शाईस्ता यांनी काय करू म्हणून माझ्याकडे पाहिले. मी नाही म्हणालो. — शिवशंकर, वार्ताहर, परळी."